सही कुणासमोर केली?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका मशिनिंगच्या कारखान्यात मी पर्सोनेलचं काम बघते. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आमच्याकडं त्याला भोकं पडतात, आटे पडतात, मापं तपासली जातात आणि ट्रक भरून पुण्याकडं जातो. माझ्या टेबलावर मात्र लोखंड येत नाही, कागद येतो. आधार, पॅन, पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआयचं सर्टिफिकेट. या सगळ्यांवर एकाच माणसाचं नाव एकसारखं लिहिलेलं असलं की मी त्या माणसाकडं जरा कौतुकानं बघते. बहुतेकांचं तसं नसतं. मग पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "मॅडम, नोटरी करून आणू का?"

नोटरी केली की झालं, हा समज आपल्याकडं फार पक्का आहे. पाचशेचा बॉण्ड, त्यावर तिकीट, तांबडं सील, निळा गोल शिक्का आणि वकिलांची वळणदार सही. एवढं एका पानावर आलं की त्या पानात बळ आलं असं लोकांना वाटतं. इतकी वर्षं हे कागद हाताळल्यावर माझं मत झालंय की लोक नोटरीकडून नको ते मागतात आणि जे मिळतं त्याची किंमत करत नाहीत. आमच्या क्वालिटी खात्यात जॉब तपासला की त्याला टॅग बांधतात. कुणी तपासला, कधी तपासला, एवढं त्यावर असतं. कास्टिंगच्या पोटात पोकळी आहे की नाही हे टॅग सांगत नाही. नोटरीचा शिक्काही तेवढंच बोलतो: हा माणूस, या तारखेला, माझ्यासमोर आला, मी त्याची ओळख बघितली आणि त्यानं इथं सही केली. वर लिहिलेलं खरं आहे की खोटं, त्याची जबाबदारी सही करणाऱ्याची. प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे, आणि तो शिक्का मारणाऱ्याच्या नव्हे, शपथ घेणाऱ्याच्या अंगावर येतो.

आधी तिथवर पोचण्याची अडचण सांगते. आमच्या वसाहतीचं नाव कागल-हातकणंगले, कारण ती पसरलीयच तशी. कसबा सांगाव, तळंदगे, हलसवडे, पट्टणकोडोली, हुपरी, रेंदाळ अशा गावांतून माणसं कामाला येतात, आणि महामार्गानं थोडं दक्षिणेला गेलं की कर्नाटक, तिकडून निपाणीकडची पोरं येतात. नोटरी बसतात ते कोर्टाच्या नाही तर तहसीलच्या आसपास. म्हणजे एकाच लाइनवर शेजारी शेजारी उभे राहणारे तिघं, पण एक कागलला जाणार, दुसरा हातकणंगले किंवा इचलकरंजीला आणि तिसरा निपाणीला. पहिली पाळी तीनला सुटते. हातपाय धुवून, गाडी काढून, रहदारीतनं कागल गाठेपर्यंत स्टॅम्प विकणाऱ्यांचं दिवसभराचं काम आटोपत आलेलं असतं. त्यामुळं नोटरी म्हटलं की हाफ डे आला, आणि हाफ डे आला की हजेरी भत्ता गेला. बॉण्डचे, टायपिंगचे, नोटरीचे पैसे लोक मोजतात; या भत्त्याचा हिशेब कुणी धरत नाही.

कोर्टाबाहेरची ती टेबलं तुम्ही पाहिली असतील. पत्र्याच्या सावलीत कॉम्प्युटर, शेजारी झेरॉक्स, पलीकडं चहाचा गाडा. टायपिस्ट मान वर न करता विचारतो, "कशाचं? नावाचं, गॅपचं, का हरवल्याचं?" तिन्हींचे साचे त्याच्याकडं तयार असतात. जुन्या माणसाचं नाव पुसून नव्याचं घालायचं. घाईत सगळं पुसलं जात नाही. आमच्या एका व्हीएमसी ऑपरेटरनं आणलेल्या प्रतिज्ञापत्रात त्याचं वय बरोबर होतं, पत्ता बरोबर होता आणि धंदा होता 'गृहिणी'. खाली त्याची सही होती, सत्यापनात 'वरील मजकूर मी वाचून पाहिला असून तो खरा आहे' असंही होतं. खात्यात आठवडाभर त्याला लोक "वहिनी, चहा झाला का?" विचारत होते. पण विचार केला तर हसण्यासारखं त्यात थोडंच आहे. शपथेवर लिहून दिलेला कागद न वाचता सही करणं ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे, आणि वाचत बसलेल्या माणसाकडं मागं उभे असलेले लोक वैतागून बघतात.

नोटरी म्हणजे काय, हेही लोकांना धड माहीत नसतं. ते बहुतेक वकीलच असतात, पण प्रत्येक वकील नोटरी नसतो. १९५२ चा नोटरी कायदा आणि १९५६ चे नियम, यांखाली केंद्र किंवा राज्य सरकार त्यांना नेमतं. सर्वसाधारणपणे दहा वर्षं वकिली झालेली लागते. महिला आणि मागासवर्गीय वकिलांना सात. व्यवसायाचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं, ते नूतनीकरण करून घ्यावं लागतं. शिक्का कसा असावा हेसुद्धा नियमात आहे: साधा, गोल, पाच सेंटिमीटर व्यासाचा, त्यावर नोटरीचं नाव, नेमणुकीचं क्षेत्र, नोंदणी क्रमांक आणि कोणत्या सरकारनं नेमलं ते. कागद हातात आला की मी आधी हा शिक्का वाचते. क्रमांक पुसट असेल किंवा मुदत संपलेली दिसली तर कागद परत. लोकांना वाटतं मॅडम खुसपट काढतात. पुढं पीएफच्या किंवा बँकेच्या खिडकीवर तोच कागद परत आला तर दुसरा हाफ डे जातो, म्हणून काढते.

शिक्क्यापेक्षाही महत्त्वाचं असतं ते नोटरीचं रजिस्टर. प्रत्येक कागदाला तिथं अनुक्रमांक पडतो, तारीख पडते, कागद कसला ते लिहिलं जातं, आणि आलेल्या माणसाची सही घेतली जाते. हाच क्रमांक तुमच्या कागदावर येतो. पुढं कधी वाद निघाला तर कोर्टात विचारलं जातं ते या रजिस्टराबद्दल. "तेवढी मागची तारीख टाकून द्या की साहेब," ही विनंती जी सर्रास होते, ती या रजिस्टरापुढं टिकत नाही. कालच्या पानावर आजचा माणूस बसवायला जागा कुठं असते? तरी कुणी जागा करून दिली, तर तो कागद सोडवण्यापेक्षा अडकवण्याचीच शक्यता जास्त.

याच्याशीच जोडलेली आमच्या वसाहतीतली दुसरी रीत म्हणजे माणूस कामावर आणि कागद नोटरीकडं. सुपरवायझर म्हणतो, लाइन बंद ठेवून चार माणसं कशी सोडू? मग सह्या इथंच घ्यायच्या, ऑफिसबॉयकडं गठ्ठा द्यायचा, संध्याकाळी शिक्के मारून परत. सोयीचं दिसतं. पण नोटरीनं ज्या एकाच गोष्टीची खात्री द्यायची, ती गोष्ट इथं घडलेलीच नसते. ज्यांच्याकडं मी आमची माणसं पाठवते त्या वयस्कर नोटरींनी असा एक गठ्ठा उघडूनही न बघता परत पाठवला होता. फोनवर एवढंच म्हणाले, "माणूस पाठवा बाई, कागद मग बघू." आमचे मॅनेजर चिडले. मला मात्र त्या दिवसापासून त्यांच्या शिक्क्याबद्दल विश्वास वाटायला लागला. सही करून नेलेला कागद नाकारणारा नोटरी भेटला तर तो आडमुठा आहे असं समजू नका. तो त्याचं काम करतोय.

आता नावांकडं येते, कारण माझ्याकडचे निम्मे कागद नावांचे. कोल्हापूर भागात 'सो' लागतो. आण्णासो, बापूसो, बाळासो, रावसो. शाळेत बाळासो, आधारवर बाळासाहेब, बँकेत नुसतं बाळू, आणि घरचे ज्या नावानं हाक मारतात ते चौथंच. इंग्रजीत उतरवताना प्रत्येक खिडकीवरच्या माणसानं आपापल्या कानाप्रमाणं उतरवलेलं. बायकांचं याहून अवघड: शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, मधलं नाव वडिलांचं, आधारवर सासरचं, मधलं नाव नवऱ्याचं, काही घरांत लग्नात पहिलं नावही बदललेलं. पीएफच्या खात्यातलं नाव आणि आधारवरचं नाव जुळलं नाही की पैसे अडकतात. अशा वेळी 'वरील दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे' असं प्रतिज्ञापत्र करायची पद्धत आहे.

या प्रतिज्ञापत्रानं काय होतं? तुम्ही शपथेवर तसं म्हणालात, एवढं सिद्ध होतं. त्यानं नाव बदलत नाही. नाव खरोखर बदलायचं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्यावं लागतं. पीएफला आपला स्वतंत्र संयुक्त घोषणेचा अर्ज आहे, त्यावर बऱ्याचदा कामगार आणि मालक दोघांचं म्हणणं लागतं, सोबत पीएफनं ठरवलेले पुरावे लागतात. त्या यादीत नोटरी नसेल तर पाचशेचा बॉण्ड जोडूनही उपयोग नाही. म्हणून आमच्याकडं आता मी क्रमच उलटा केलाय. ज्या ऑफिसात कागद द्यायचाय तिथं आधी विचारायचं: कुठला मजकूर हवा, साध्या कागदावर चालेल का, मुद्रांक लागेल का, नोटरी लागेल की तहसीलमधलं प्रतिज्ञापत्र लागेल. "सगळे असंच करतात" या उत्तरावर कुणी बॉण्ड घ्यायचा नाही.

मुद्रांकाबद्दलही गोंधळ भरपूर. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात शंभराच्या जागी पाचशेचा मुद्रांक आला, तेव्हा हेल्परपासून कंत्राटदारापर्यंत सगळ्यांनी माझ्याकडं येऊन बोटं मोडली, जणू दर मी वाढवले. पण जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला अशा कामांसाठी आणि कोर्टात देण्यासाठी जी प्रतिज्ञापत्रं करावी लागतात, त्यांना मुद्रांक शुल्क २००४ पासूनच माफ आहे. शिवाय २०१५ पासून राज्य शासनाच्या बऱ्याच कामांत स्वयंघोषणा आणि स्वतःच्या सहीनं साक्षांकित केलेल्या प्रती चालतात. तरी जून महिना आला की आमच्या कामगारांच्या पोरांच्या नावानं बॉण्ड निघतातच. माफ असलेलं शुल्क लोक भरतात ते अज्ञानानं म्हणा किंवा भीतीनं म्हणा. अर्ज परत येईल ही भीती पाचशे रुपयांपेक्षा मोठी असते. अजून एक, घरात 'असू दे, लागंल' म्हणून बॉण्ड आणून ठेवू नका. महाराष्ट्रात मुद्रांक घेतल्यापासून सहा महिन्यांतच वापरावा लागतो.

निपाणीकडच्या पोरांचे कागद कर्नाटकचे. त्यांच्याकडं ई-स्टॅम्प, मजकूर कधी कन्नड, कधी इंग्रजी. कर्नाटकानं छापील स्टॅम्प पेपर गुंडाळून टाकला त्यामागं अब्दुल करीम तेलगीचं खोट्या मुद्रांकांचं प्रकरण होतं, आणि तो खानापूरचा, म्हणजे बेळगावच्या पलीकडचा. २००१ मध्ये त्याला अटक झाली तोवर खोटे मुद्रांक देशभर खपले होते. त्या काळात आमच्या भागातली म्हातारी माणसं बॉण्ड उजेडात धरून बघायची. असो. कन्नड दाखल्याचं भाषांतर लागलं तर भाषांतर करून ते पडताळून देणं हेही नोटरीच्या कामात येतं, फक्त त्यांना ती भाषा आली पाहिजे. सीमेवर अशी माणसं मिळतात, हे आपलं भाग्य.

परराज्यातली पोरं आली की खोलीचा प्रश्न येतो. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची मुलं कसबा सांगाव आणि आसपासच्या गावांत खोल्या घेऊन राहतात. एका खोलीत चार-पाच जण, पाळ्यांप्रमाणं अंथरुणं बदलत. पोलिसांकडं माहिती द्यायची म्हणून घरमालक अकरा महिन्यांचा भाडेकरार करतो आणि नोटरी करून घेतो. अकरा महिन्यांचा आहे म्हणजे नोंदणी लागत नाही, असं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं. महाराष्ट्रात हे चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नाही नोंदवला तर पाच हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगतो त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. हे शेवटचं ऐकल्यावर घरमालक माझ्याकडं संशयानं बघतात, की ही बाई पोरांना शिकवून तर ठेवत नाही ना! नोंदणी आता ऑनलाइन घरबसल्या होते. नोटरीचे पैसे आणि हे पैसे यांत जीव जाण्याइतका फरक नाही.

सगळ्यात जास्त माझा जीव तुटतो तो जागेच्या कागदांवर. पंधरा-वीस वर्षं घाम गाळून, सोसायटीचं कर्ज काढून, बायकोचे दागिने ठेवून माणूस दीड गुंठा घेतो. पेढे घेऊन येतो. मी विचारते, खरेदी कुठं झाली? "नोटरी केलीया मॅडम, पक्की. दोन साक्षीदार हायेत, फोटो लावल्यात, अंगठं घेतल्यात." सातबाऱ्यावर नाव? "ते होईल म्हणालेत पाव्हणं." ते होत नाही. शंभर रुपयांच्या वरच्या किमतीची जागा विकत घ्यायची तर खरेदीखत १९०८ च्या नोंदणी कायद्यानं दुय्यम निबंधकाकडं नोंदवावंच लागतं; नोटरीचा शिक्का त्याची जागा घेऊ शकत नाही. दीड गुंठ्याचा तुकडा नोंदवायला तुकडेबंदीचा कायदा आडवा आला, म्हणूनच तर पाव्हण्यांनी नोटरीची वाट दाखवलेली असते. मुखत्यारपत्र आणि साठेकराराच्या जोडीनं विक्री केली तर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सूरज लॅम्पच्या खटल्यात स्पष्ट सांगून टाकलंय. तोच तुकडा पुढं तिसऱ्याला विकला गेला, तर आपल्या माणसाच्या हातात उरतं ते एवढंच, की अमुक तारखेला अमुक माणसानं पैसे घेतल्याचं कबूल करून सही केली. फसवणुकीच्या तक्रारीत हा कागद पुरावा म्हणून कामी येतो. घर बांधायला येत नाही.

हे फक्त कामगारांचंच आहे असं नाही. एमआयडीसीतला भूखंड हा मालकीचा नसतो, पंचाण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानं मिळालेला असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा किंवा शेड भाड्यानं लावायची तर महामंडळाची परवानगी घ्यावी लागते. सुशिक्षित उद्योजकसुद्धा अर्धी शेड नोटरीवर देऊन मोकळे होतात. वीज, जीएसटी, पाणी असं एकेक दार अडलं की मग परवानगीची आठवण होते.

पगाराच्या दिवशी गेटबाहेर काही गाड्या उभ्या असतात, त्यांच्याबद्दलही लिहायला हवं. खासगी सावकार कोऱ्या बॉण्डवर सही घेतो, सोबत दोन कोरे चेक. "मजकूर नंतर टायपू, तुझ्यावर विश्वास हाय म्हणून तर देतोय." विश्वास त्याचा, आणि सही आपल्या माणसाची! परवान्याशिवाय सावकारी करणं २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण कोऱ्या कागदावर सही करून बसलेला माणूस तक्रार करायला घाबरतो. माझ्याकडं आलेल्या एकाला मी एवढंच विचारलं, तू नोटरीसमोर गेला होतास का? नव्हता गेला. सावकारानं नंतर दाखवलेल्या कागदावर मात्र शिक्का होता. त्या तारखेला हा पोरगा दुसऱ्या पाळीत होता, पंचिंग मशीनवर त्याची येण्या-जाण्याची वेळ होती. त्याच्या वकिलांनी आमच्याकडून हजेरीची नक्कल मागून घेतली आणि नोटरीचं रजिस्टर मागवण्याचा अर्ज तयार केला. अर्जाची प्रत पोचल्यावर सावकाराची भाषा एकदम मऊ झाली आणि रक्कम निम्म्यावर आली. नोटरीच्या व्यवस्थेत ताकद आहे ती अशी, फक्त ती शिक्क्यात नसून नोंदीत आहे.

तरुण पोरांचे कागद आणखी वेगळे. कुणी नोटरीकडं लग्न करून येतो आणि ईएसआयला बायकोचं नाव लावा म्हणतो, कुणी बॉण्डवर घटस्फोट घेऊन येतो आणि नाव काढा म्हणतो. नोटरी लग्न लावू शकत नाही, मोडूही शकत नाही. २०२४ मध्ये केंद्राच्या कायदा खात्यानं नोटरींना लेखी ताकीद दिली की विवाहाचे आणि घटस्फोटाचे कागद करून देऊ नका. मी अशा पोराला परत पाठवते तेव्हा तो म्हणतो, "दोघांच्या आई-बापाच्या सह्या हायेत की!" असतील. पण काही वर्षांनी पहिलीनं पोटगी मागितली आणि दुसरीनं नोंदणीचा दाखला मागितला की त्या सह्यांचा काय उपयोग, ते तोच सांगेल.

मृत्यू झाला की मात्र बोलणं जड जातं. आमचा एक फिटर अपघातात गेला. पीएफ आणि ग्रॅच्युइटीत बायकोचं नाव होतं, ते पैसे मिळाले. बँकेतल्या ठेवीवर नामनिर्देशन रिकामं. दिरानं वहिनीला 'आम्हीच वारस आहोत' असं प्रतिज्ञापत्र करून दिलं, शिक्क्यासकट. ठेवीची रक्कम मोठी होती, म्हणून बँकेनं वारस दाखला मागितला. तो दिवाणी न्यायालयातून मिळतो, आणि आपल्या महाराष्ट्रात अजून तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशन आठ प्रमाणं दिला जातो. कंपनी सरकारच्या काळातल्या त्या कायद्यापुढं बसलेली ती बाई डोक्यावरचा पदर सारखा सावरत होती, आणि कोर्टातले कारकून तिच्याशी फार नीट बोलले, हे आवर्जून नोंदवते. पुढं जाहीर नोटीस, हरकतींची मुदत, पुन्हा तारीख. पैसे मिळाले, पण मुलीचं पहिलं वर्ष उसनवारीवर निघालं. तेव्हापासून दरवर्षी मी प्रत्येकाला पासबुक घेऊन बसवते आणि नामनिर्देशनाची ओळ दाखवायला लावते. मृत्युपत्राबद्दलही सांगते: त्याला मुद्रांक लागत नाही, नोटरीही लागत नाही. साध्या कागदावर चालतं, फक्त करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा आणि ती बघून सह्या करणारे दोन साक्षीदार हवेत. यावर कुणाचा विश्वास बसत नाही. इतका महत्त्वाचा कागद फुकट कसा, म्हणतात.

परदेशी माल पाठवणाऱ्या कारखान्यांचं काम थोडं पुढचं असतं. तिकडच्या ग्राहकाला मुखत्यारपत्र किंवा प्रमाणपत्राची प्रत हवी असली तर नोटरी ही पहिली पायरी, त्यावर पुढचं साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल. भारत अपॉस्टिलच्या हेग करारात २००५ मध्ये आला. तिथं मूळ नोटरीचा शिक्का पुसट असेल किंवा सही नमुन्याशी जुळत नसेल तर सगळा गठ्ठा मुंबईहून परत येतो, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पैशांचं विचारतात म्हणून सांगते. नोटरीची फी नियमांत ठरलेली आहे, दरपत्रक आत-बाहेर दिसेल असं लावावं आणि घेतलेल्या पैशांची पावती द्यावी असंही नियमांत आहे. टेबलावर जे सांगितलं जातं त्यात टायपिंग, बॉण्ड, तिकीट, ओळख देणाऱ्या वकिलांचे असं सगळं मिसळलेलं असतं, त्यामुळं आकडा फुगतो. कशाचे किती, ते सही करण्याआधी विचारावं. पावती मागितली की एक-दोन क्षण शांतता होते, मग बहुधा मिळते.

माझी आता एक साधी मागणी आहे. वसाहतीतल्या उद्योजकांच्या संघटनेनं आठवड्यातून एक दुपार, तीन ते सहा, ज्यांच्या नेमणुकीच्या क्षेत्रात ही वसाहत येते अशा एखाद्या नोटरींना इथंच बसायची विनंती करावी. एक टेबल, दोन खुर्च्या, झेरॉक्सची सोय आणि भिंतीवर दरपत्रक, एवढं पुरे. पहिली पाळी सुटलेला माणूस मूळ कागद घेऊन स्वतः येईल, समोर बसून सही करेल, त्याचा हाफ डे वाचेल आणि गठ्ठे पाठवायची रीत आपोआप बंद होईल. पुढच्या बैठकीत हे मी लेखी देणार आहे, साध्या कागदावर. अर्जाला नोटरी लागत नाही.